चार टक्के

सहकार्य हा अभियांत्रिकीचा प्राण आहे, अशी पाटी संगणक प्रयोगशाळेच्या दारावर होती. आत आजीबाई एकटीच बसून पैलवानाचा पासवर्ड टाकत होती.

आजीबाई एकवीस वर्षांची. सगळ्यांची काळजी वाहते म्हणून गटाने तिला हे नाव दिलं होतं, आणि नावाबरोबर कामही. चौघांच्या त्या गटात पैलवान व्यायामशाळेत असायचा, कविराज प्रेमात आणि गटप्रमुख बैठकीत. बैठक कुणाशी, हे त्यालाच ठाऊक. प्रकल्पात कुणी किती काम केलं याची नोंद संगणक ज्याच्या-त्याच्या पासवर्डवरून ठेवी. एकाचीही पाटी कोरी राहिली तर अख्खा गट नापास, असा नियम होता.

आजीबाईला नापास होणं परवडणारं नव्हतं. नोकरीचं पत्र हातात होतं, पण विषय सुटला तरच ते खरं. वडिलांनी ते पत्र आधीच झाडून सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवलं होतं.

म्हणून ती सोमवारी पैलवानाच्या नावाने प्रोग्राम लिही, मंगळवारी कविराजाच्या, उरलेले दिवस गटप्रमुखाच्या. पैलवानाच्या कामात दोन-चार चुकाही घाली, खरं वाटावं म्हणून. स्वतःच्या नावावर काही टाकायची वेळ येईपर्यंत टाकण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला तिघांनी तिने घोकून घेतलेली उत्तरं घडाघडा म्हटली. सर खूश झाले. मग त्यांनी नोंदीचा कागद पुढे ओढला आणि चष्मा काढला.

"तुझ्या नावावर चार टक्के. चार महिने काय केलंस?"

आजीबाईने तिघांकडे पाहिलं. पैलवानाला बुटाची नाडी सैल वाटू लागली. कविराज खिडकीबाहेर गेला, निदान नजरेने. दुसऱ्याच्या पासवर्डने काम केल्याची शिक्षा चौघांनाही होती, थेट कॉलेजातून नाव कमी.

गटप्रमुखाला राहवलं नाही.

"सर, तिला बोलू नका. तिचा आम्हाला मानसिक आधार होता."

"कागद बरोबर आहे का?" सरांनी तिलाच विचारलं.

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"बरोबर आहे, सर."

बाहेर आल्यावर गटप्रमुखाने तिला चहा पाजला आणि आपण कसं वेळेवर तोंड उघडलं ते दोनदा सांगितलं.

निकालात तिघे पास झाले. आजीबाईच्या नावापुढे सरांनी शेरा मारला होता: गटात काम करायला शिकणे आवश्यक.

वडिलांनी कागद उलटा करून मागेही पाहिलं.

"तिघं सुटली, मग तू एकटीच कशी राहिलीस?"

तिने जेवायची ताटं मांडायला घेतली.

नोकरीचं पत्र रद्द झालं. विषय पुढच्या वर्षी पुन्हा होता. गट चौघांचाच करायचा होता.