आईचा शेवटचा घोडा

माझ्या भावाला माती म्हणजे काय, ते विचारा. माईकसमोर तासभर सांगेल. पण अंगणात मातीचा गोळा पडलेला दिसला, तर पँट वर धरून ओलांडून जाईल. आईच्या कलेचा वारस म्हणून सगळीकडे मिरवतो मात्र तोच.

आईची बोटं वाकडी झाली आहेत. जन्मभर गार, ओल्या मातीत हात घातल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "एक घोडा करते, मग बंद." चांगला कमरेएवढा घोडा. पाय, धड, मान वेगवेगळं घडवून तिने जोडलं. मी फक्त माती मळून दिली. बाकी कशाला तिने हात लावू दिला नाही. रोज काम संपलं की तिची बोटं मी गरम पाण्यात शेकत होते.

घोडा भट्टीत गेला. जाळ विझला म्हणून लगेच भट्टी उघडायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवता आला, की मगच विटा काढायच्या. त्याआधी गार वारा आत शिरला, की भांडी तडकलीच.

मी बाजारातून परत आले, तर दादा भट्टीच्या दाराच्या विटा काढत होता. मागे त्याचे पाहुणे, कॅमेरा लावून उभे.

"दादा, अक्कल गहाण टाकलीस का? आत आईचा घोडा आहे!"

"लालबुंद असतानाच फोटो छान येतात," तो म्हणाला. "यांना निघायचंय. काही होत नाही गं."

आतून टण् आवाज आला. मग आणखी एक. पाहुण्यांतली एक बाई म्हणाली, "किती गोड वाजतंय!"

गोड! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विटा परत लावायला धावले, तोवर घोड्याची मान धडापासून सुटून खाली पडली.

आवाज ऐकून आई बाहेर आली. तिने आत पाहिलं.

"चिडू नकोस गं आई," दादा म्हणाला. "तू दुसरा करशील की."

आईने जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारला. पण त्या हातात जोरच उरला नव्हता. तो त्याच्या गालाला नुसता टेकला. दादाने हसून तो तिथेच धरून ठेवला आणि कॅमेऱ्याकडे तोंड केलं.

"हा घ्या फोटो," तो म्हणाला. "आईची माया."

मग मी त्याच्या कानाखाली वाजवली. माझा हात अजून धडधाकट आहे.