रोझेलिया पुलावर वळली नाही

पुलापाशी निळा झेंडा घेऊन उभा असलेला माणूस घसा फोडून ओरडत होता, "बायकांनी वळा! बायकांनी इथूनच मागे वळा!" रोझेलियाच्या पुढच्या सहाही जणी शहाण्यासारख्या वळल्या. रोझेलियाने मान खाली घातली, गिअर बदलला आणि झेंड्याला खेटून सरळ घाटात शिरली.

"अगं ए! वळायचंय!" झेंडेवाला चार पावलं मागे धावला.

"तूच वळ," ती म्हणाली.

बेल-सूर्सच्या जत्रेत दर ऑगस्टला सायकलची शर्यत होते. पुरुष पुलावरून मामेलच्या खिंडीपर्यंत घाट चढतात, पलीकडे उतरतात आणि समुद्राच्या कडेने मोठा वळसा घालून गावात परत येतात. बायका पुरुषांच्या दहा मिनिटं मागून निघतात आणि पुलावरून परत फिरतात. चर्चसमोर त्यांना एकेक गुच्छ मिळतो, आणि मग त्या घरी जाऊन दमून आलेल्या वीरांसाठी ताटं मांडतात. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कोणाला काही खटकत नव्हतं.

मामेल म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलीत थानं. दोन गोल डोंगर शेजारी शेजारी उभे आहेत, म्हणून ते नाव. मे महिन्यातल्या सभेत रोझेलिया उठून म्हणाली होती, "डोंगराला नाव आमच्या अंगाचं, आणि चढायचं मात्र तुम्ही?" चाळीस माणसं खो खो हसली. समितीचा अध्यक्ष ऑनोरे तेवढा हसला नाही.

"बाई घाटात पाय टेकणार," तो म्हणाला. "एकदा पाय टेकला की त्या चढावर पुन्हा सुरुवात होत नाही. मग सायकल ढकलत नेणार, आणि गावाची जेवणं गार होणार. पुलापासून खिंडीपर्यंत पाय न टेकता गेलेली एक बाई दाखवा मला. पुढच्या वर्षी सगळ्यांना वर पाठवतो."

हा ऑनोरे सायकलवर कधी बसल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. पंचाची मोटरसायकल, तिची मागची सीट आणि गळ्यात शिट्टी. उंटावरून शेळ्या हाकायचं काम तो वीस वर्षं इमानेइतबारे करत आला होता. पण चाळीस माणसांसमोर बोललेला शब्द होता, आणि रोझेलियाला तेवढा पुरे होता.

ती शिवणकाम करायची. कार्निव्हलचे झगे, लग्नाचे कोट, शाळेचे गणवेश. वय बेचाळीस. सभेनंतरचे अकरा रविवार ती उजाडताच या घाटात आली होती, आणि अकराही वेळा खिंडीखालच्या शेवटच्या वळणावर तिने पाय टेकला होता. ही गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

पहिले तीन किलोमीटर उन्हाचे होते. मागून पोंऽऽ असा हॉर्न वाजला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. झाडूगाडी आली होती. टपावर खराखुरा झाडू उभा बांधलेली पांढरी गाडी, दमलेल्यांना गोळा करत शेवटच्या स्पर्धकामागून चालणारी. ती पुढे निघून गेली की शर्यत संपली, रस्ता मोकळा. आणि ती चालवत होता तिमोलेओं, रोझेलियाचा सासरा.

"पोरी!" तिमोलेओंने कर्ण्यातून हाक मारली, म्हणजे साऱ्या डोंगराला ऐकू जावी अशी. "तुला पूल दिसला नाही का?"

"दिसला, पापा! चांगला रुंद आहे!"

"लोक काय म्हणतील?"

"तुमच्या हातात कर्णा आहे, तुम्हीच विचारा की त्यांना!"

लोक काय म्हणत होते ते ऐकूच येत होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे डबे, खुर्च्या आणि पोरंबाळं घेऊन अर्धं गाव बसलं होतं. कोणी पातेली बडवत होतं, कोणी शंख फुंकत होतं. पुरुष गेल्यावर आवराआवर करू लागलेली माणसं बाई वर येताना पाहून पुन्हा बसली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "ही वाट चुकली काय?" त्याच्या बायकोने उत्तर दिलं, "नाही, तुम्ही चुकलात. उठा आणि तिला पाणी द्या."

पाचव्या किलोमीटरला जंगल सुरू झालं आणि हवा ओली झाली. तिथेच वरून पंचाची मोटरसायकल खाली आली, मागच्या सीटवर ऑनोरे. मोटरसायकल वळून रोझेलियाच्या बरोबरीने चालू लागली.

"तू बाद आहेस," ऑनोरे म्हणाला. "नंबर दे."

"पाठीवर आहे. घ्या."

ऑनोरेने हात लांब केला. नंबराचं कापड चार सेफ्टी पिनांनी लावतात, चुटकीसरशी निघतं. त्याची बोटं पिन शोधत फिरली आणि त्यांना पिन सापडेना. रोझेलियाने नंबर दुहेरी दोऱ्याने, चारी बाजूंनी, बारीक टाके घालून शिवून टाकला होता. ऑनोरेने चिडून ओढला, तशी सायकल झोकांडली. पुढचं चाक कडेच्या शेवाळावर घसरलं. पण रोझेलियाचा पाय पेडलवरच राहिला.

कडेच्या लोकांनी एकच ओरडा केला. "ए, हात काढ! बाईची पाठ आहे ती, टपालपेटी नाही!"

"कात्री!" ऑनोरे ओरडला. "कोणाकडे कात्री आहे?"

मासे साफ करत बसलेल्या एका जाड बाईने सुरी वर केली. "माझ्याकडे सुरी आहे. पण तुझ्यासाठी नाही. जवळ येऊन बघ, कोणासाठी आहे ते कळेल."

ऑनोरे जवळ गेला नाही. त्याने मागे वळून झाडूगाडीला हात केला. "तिमोलेओं! हिला मागे टाक आणि पुढे हो! रस्ता मोकळा करून टाक!"

गाडी पुढे गेली की सगळं संपलं. मग ती स्पर्धक नव्हती, रस्त्यावरून सायकल हाकणारी कोणीतरी एक बाई होती, आणि दिलेला शब्द गिळायला ऑनोरे मोकळा. मागचं इंजिन जवळ आलं. रोझेलियाने ओठ चावला आणि मनातल्या मनात सासऱ्याला अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

"नाही," कर्ण्यातून आवाज आला.

"काय नाही?"

"नंबर पाठीवर असेपर्यंत झाडू पुढे जात नाही. एकतीस वर्षं मी ही गाडी चालवतोय. सख्ख्या भावाला मी झाडून गाडीत टाकलाय, पण नंबर असलेल्या माणसाला ओलांडून गेलो नाही."

"ती बाद आहे, मूर्खा!"

"मग नंबर काढ. तुझ्याकडून निघत नसेल तर तो तुझा प्रश्न. तिने वळायला हवं होतं, हे मीही म्हणतो. घरी बोकडाचा कोलंबो रस्सा गार होतोय, माझं डोकं फिरलंय. पण नियम नियम आहे."

ऑनोरेने शिट्टी वाजवली, कोणीच ऐकली नाही. मोटरसायकल वर निघून गेली.

शेवटचं वळण आलं. तिथे रस्ता असा उभा राहतो की समोर डांबराखेरीज काही दिसत नाही. रोझेलिया सीटवरून उठली. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, नागमोडी चढू लागली. अकरा वेळा जिथे पाय टेकला होता तिथे डाव्या पिंडरीत गोळा आला, दगडासारखा. सायकल जवळजवळ थांबली. आता पाय खाली जाणार, हे तिलाही कळलं आणि कडेच्या सगळ्यांनाही.

एक दांडगा तरुण धावत आला. इथे असंच करतात, दमलेल्याच्या पाठीला हात लावून दहा-वीस पावलं ढकलतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. त्याचा हात तिच्या सीटपर्यंत पोचला.

"हात लावलास तर तोडीन!" रोझेलिया किंचाळली.

तरुण दचकला. तेवढ्यात मागून कर्णा कडाडला, "कोणीही हात लावायचा नाही! हात लागला तर तो ऑनोरे म्हणेल ढकलून वर आली! मागे व्हा सगळे! एकटीला चढू द्या!"

आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याने तिची बाजू घेतली होती, आणि तीही खेकसत. रोझेलियाला रडू फुटलं. तिने ते थांबवलं नाही, कारण थांबवायला ताकद उरली नव्हती. तिने फक्त उजव्या पायाने पेडल दाबलं. मग दुखऱ्या डाव्याने. मग पुन्हा उजव्याने. कडेची माणसं हात पाठीमागे बांधून तिच्याबरोबर चालू लागली आणि प्रत्येक पेडलला ओरडू लागली, "आणखी एक! आणखी एक!" शंख फुंकणाऱ्याचा दम संपला, तिचा संपला नाही. वळण मागे पडलं. चढ सैल झाला. दोन डोंगरांच्या मधे आभाळ दिसलं आणि आभाळाखाली खिंडीतली पाटी.

पाटीखाली ऑनोरे हातात गुच्छ घेऊन उभा होता. फोटोवालाही बोलावून ठेवला होता. वारं फिरलेलं ओळखायला त्याला कधीच वेळ लागत नसे.

"शाबास!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी शब्दाचा पक्का आहे. पुढच्या वर्षीपासून बायकांची शर्यत इथपर्यंत, खिंडीपर्यंत! ये, उतर. फोटो काढू. मग गाडीत बस आणि जेवायला चल, सगळे खोळंबलेत."

टाळ्या पडल्या. रोझेलिया हळूहळू पेडल मारत त्याच्यापाशी आली. गुच्छ तिच्या नाकासमोर होता. तिला उतरावंसं वाटत होतं. खरं तर तिथेच रस्त्यावर आडवं व्हावंसं वाटत होतं.

"इथपर्यंत?" तिने विचारलं.

"हो, इथपर्यंत. मोठा मान आहे."

"पुरुष कुठपर्यंत जातात?"

"ते... पुरुष गावापर्यंत जातात. पण पुढे साठ किलोमीटर आहेत, बाई. सभेत खिंडीचंच बोलणं झालं होतं."

"सभेत तुम्ही बोललात," रोझेलिया म्हणाली. "मी शर्यतीत आहे."

तिने गुच्छ घेतला नाही. पाटीखालून ती पुढे गेली आणि पलीकडच्या उताराला लागली. मागे ऑनोरे ओरडत होता, फोटोवाला विचारत होता आता कोणाचा फोटो काढू, आणि झाडूगाडीचा दुसरा गिअर खरखरत पडला. पिंडरीतला गोळा अजून सुटला नव्हता. तिला आनंद झाला नव्हता, राग आला होता, आणि तो साठ किलोमीटर सहज पुरला असता.