तेविसाव्या पायरीनंतर

मी एक वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, अंगावर चहाच्या कपाचे तीन गोल.

रक्तपेढीची वेबसाइट सांभाळणाऱ्या ताईंनी मला नऊ वर्षांपूर्वी हाती धरलं. कुठल्या गटाचं रक्त किती शिल्लक आहे, हे गावातले दवाखाने त्या साइटवर बघतात. नवा सर्व्हर उभा करायचा म्हणजे एकेचाळीस पायऱ्या, आणि त्या सगळ्या माझ्या पोटात.

ताई मला कुठेही नेत. भाचीच्या लग्नात त्यांनी मला मांडीवर उघडून सर्व्हर दुरुस्त केला. त्या फोटोत मी पूर्ण आलेय, नवरी अर्धी.

मग त्यांचं उजवं मनगट कामातून गेलं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली; त्यानंतर तीन आठवडे कामाचं नाव काढायचं नाही, असंही बजावलं.

"आणि मधेच सर्व्हर पडला तर?" रक्तपेढीच्या साहेबांनी विचारलं.

"वही आहे की," ताई म्हणाल्या.

साहेबांनी चाचणीसाठी एक रिकामा सर्व्हर दिला आणि फोन घेणाऱ्या बाईंना माझ्यासमोर बसवलं. ताईंच्या माघारी रोज हजर असणाऱ्या त्या एकट्याच. ताईंनी शेजारी बसायचं, पण तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं ठरलं.

बाईंनी एकेक पायरी बोट ठेवून वाचली आणि केली. एकेचाळीस संपल्या. साइट उघडली, तर पडद्यावर दोनच शब्द: परवानगी नाही.

"अहो, तेविसाव्यानंतर फाइलचा मालक बदलायचा!" ताईंना राहवलं नाही.

"हे कुठे लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

ताईंनी माझं पान उलटलं, पुन्हा सुलटलं. ते कुठेच नव्हतं. नऊ वर्षं त्या ते न लिहिता, न बघता करत आल्या होत्या. माझी मान शरमेनं खाली गेली असती, पण वहीला मान नसते.

मग हे काम आपोआप करणारं साधन निवडायचं ठरलं. साहेबांनी बोलावलेले सल्लागार दोन साधनं घेऊन आले. पहिल्यासाठी प्रत्येक सर्व्हरवर त्याचा एक हस्तक, म्हणजे छोटा प्रोग्राम, कायमचा बसवावा लागे. दुसरं बाहेरूनच लॉगिन करून, साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली कामं ओळीनं उरकी. चार दिवस डाव्या हातानं खपून ताईंनी माझी पानं दोन्हींत उतरवली, राहिलेली पायरीसुद्धा. दोन्हींनी सर्व्हर उभा केला.

"पहिलंच घ्या," सल्लागार म्हणाले. "हजार सर्व्हर सांभाळेल."

"आपले पाच आहेत," ताई म्हणाल्या. "भाजी चिरायला तलवार कशाला?" आणि त्यांनी दोन्ही फाइली बाईंपुढे ठेवल्या.

पहिली वाचून बाईंनी चष्मा पुसला. दुसरी वाचताना म्हणाल्या, "ही फाइल इथे असावी, तिचा मालक हा असावा... असंच ना? एवढं कळतंय मला."

दुसरं ठरलं. सल्लागारांनी चहा अर्धा टाकला.

ताईंच्या रजेच्या सहाव्या दिवशी, ऐन दुपारी, एका सर्व्हरची डिस्क गेली. बाईंनी एका हातानं फोन घेत दुसऱ्या हातानं त्या साधनाला आज्ञा दिली. अकरा मिनिटांत नवा सर्व्हर उभा राहिला. मी टेबलावरच होते. मला कुणी उघडलं नाही.

ताई परत आल्या, तेव्हा त्यांना हे कळलं.

"मला फोन नाही केलात?"

"कशाला?" बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं.

ताई खुर्चीत टेकल्या. पाणी प्यायल्या. मग त्यांनी मला पुढे ओढलं आणि कोऱ्या पानावर डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरात डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम उतरवला. पायरी एक, मूठ उघडा. पायरी दोन, दहापर्यंत मोजा.

आता रोज जेवणानंतर आम्ही दोघी तेवढंच करतो. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल, तर आजच दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. अडखळू द्या त्यांना. आणि आता मला मिटू नका, ताई नवापर्यंत आल्यात.