मी दामिनीला हलू दिलं नाही

मी लोड बोलतोय. बैठकीत पाहुण्यांच्या पाठीला टेकू देणारा नव्हे. मला पहाऱ्यासाठी बनवलं होतं. सांगायची लाज वाटते, पण ऐका.

चामोर्शीच्या बाबूभाई पिंजाऱ्यांनी मला भरलं. मार्कंड्याजवळच्या नदीकाठच्या गावातून गिरजाबाई त्यांच्या दुकानात आल्या होत्या.

"भाऊ, दोन लोड पाहिजे. दगडावाणी भरा. सुनेले सातवा महिना लागला."

"पोटुशीले नरम द्या ना बाई! टणक काऊन?"

"दोन्हीकडून लावतो. तिनं कूस बदलली नाई पाहिजे."

बाबूभाईंनी मान हलवली आणि कापूस ठासला. मला तेव्हा माझ्या टणकपणाचा भलताच तोरा होता.

घरी आल्यावर सगळं कळलं. सुनेचं, दामिनीचं, पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, गळ्याभोवती नाळ अडकून. आईनं निजल्या निजल्या कूस बदलली की नाळ गुंडाळते, असं त्या गावात सगळेच मानतात. म्हणून यावेळी दामिनीला उताणं निजवायचं आणि आम्ही दोघांनी दोन्ही अंगांनी दाबून धरायचं.

तिची पाठ ठणकायची, दम लागायचा, डोळ्याला डोळा लागायचा नाही. मासे विकून आलेला तिचा नवरा निकेश म्हणायचा, "माय, हिले जराशी वळू दे ना."

त्यावर दामिनीच म्हणायची, "नोको. मागच्या बारी मीच वळली होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण लोडाला स्वतःहून कुठे सरकता येतं?

आठव्या महिन्यात एका दुपारी नर्सबाई पुनम तपासायला आल्या. आम्हाला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"अवो, काय करून राह्यले हे? पाठीवर नोको निजवू. दामिनी, डाव्या कुशीवर निज, उजव्या कुशीवर निज, वाटलं तवा वळ. लेकरू आतमंदी फिरते, त्यानं नाळ अडकते. आईच्या कुशीनं नाई."

दामिनी उठून बसली. "मंग माहं पहिलं लेकरू... म्या नाई मारलं?"

"नाई वो माय. तुह्या निजण्यानं काहीच झालं नोतं."

ती खूप रडली. गिरजाबाईंनी माझी शिवण उसवली, अर्धा कापूस काढला आणि मला सुनेच्या गुडघ्यांमध्ये ठेवलं. दामिनी कुशीवर वळली आणि बघता बघता झोपली.

पुनम निघाल्या, तर गिरजाबाईंनी दारात त्यांचा हात धरला.

"बाई, माह्याबी दोन पोरी अशाच गेल्या. तीस वर्सं झाले. मीबी कूस बदलली होती."

"तुमचंबी काही चुकलं नोतं, गिरजाबाई."

सून जागी होऊ नये म्हणून त्या म्हातारीनं तोंडात पदर कोंबला आणि उंबऱ्यावरच बसून राहिली.

आता मी चांगला मऊ झालोय. दामिनीला नववा लागलाय आणि ती घोरतेसुद्धा! माझी एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरी पोटुशी असेल, तर तिला हवं तसं वळू द्या. आणि त्याच घरात एखादी गिरजाबाई असेल, तर तिलाही कोणीतरी सांगा, की बाई, तुझं काही चुकलं नव्हतं.