तिसऱ्या गल्लीतले कावळे

कावळा डूख धरतो, हे मला कुणी सांगायला नको. तीस वर्षं वायरमन होतो. खांबावर कावळे घरटं करतात ते नुसत्या काड्यांचं नाही, तारांचे तुकडेही आणतात. ते वरच्या तारांना टेकलं की अख्खी गल्ली अंधारात. मग चढायचं आणि ओरबाडून खाली टाकायचं. "हेल्मेट घाला" म्हणून साहेबांनी घसा फोडला, पण मी कधी घातलं नाही. म्हटलं, डोक्यावर टोपलं ठेवून कामं होतात का कुठं? कावळा चेहरा लक्षात ठेवतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं.

पोरीनं माझ्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि तिसऱ्या गल्लीत संसार थाटला. माझ्या नाकावर टिच्चून, माझ्याच हद्दीत. माझं डोकं फिरलं. भर दुपारी तिच्या दारासमोरच्या खांबावर चढलो आणि तिच्या घराची तार तोडली. कागदावर लिहिलं, जोडणीत दोष. घरटं हाताच्या आड येत होतं, तेही भिरकावलं. चार पिल्लं होती त्यात. पोरगी खिडकीतून बघत होती. तिला सातवा महिना होता. अकरा दिवस तिनं मेणबत्तीवर काढले.

नात झाली, चार वर्षांची झाली, आणि मी तिचं तोंड पाहिलेलं नव्हतं. आमची ही दर रविवारी जाते. परत आली की भिंतीला सांगितल्यासारखं सांगते, आज ती असं म्हणाली, आज ती तसं म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "जा आणि चुकलं म्हणा. जीभ झडणार नाही." मी म्हणायचो, बाप आहे मी.

तरी गेलोच नाही असं नाही. गल्लीच्या तोंडाशी पाऊल टाकलं की खांबावरून एक ओरडायचा, मग पाचपन्नास. टाळक्यात टोचा. बिस्किटं घालून पाहिली, मेल्यांनी ती खाल्ली आणि वर टोचलं. त्या दुपारी जन्मालाही न आलेले कावळे माझ्या मागे लागायचे. आईबाप शिकवतात म्हणे. मी दारापर्यंत पोचेस्तोवर पोरीचं दार बंद. कोण येतंय, तिला आधीच कळायचं.

गेल्या आठवड्यात ही म्हणाली, "जावयांची बदली झाली. शनिवारी सामान हलतंय. लांब चाललेत." शुक्रवारी सकाळी माळ्यावरून हेल्मेट काढलं, तोंडावर काच असलेलं, कोरं करकरीत. काच खाली ओढली आणि निघालो. वाटभर एकच वाक्य घोळवत होतो, चुकलं माझं.

एकही कावळा हलला नाही. दार उघडं होतं. आत बांधलेली खोकी आणि मधोमध नात उभी. हनुवटी थेट माझ्या आईची.

"कोण पाहिजे?"

भलतंच बोलून गेलो. "लाईटवाला आहे मी. दिवे लागतात का बघायला आलोय. आई कुठंय?"

"मागे दोरीवरचे कपडे काढतेय. मी दाखवते." तिनं स्टूल ओढलं, वर चढली, बटण दाबलं. दिवा लागला. विझवला, परत लावला. "बघा. लागतो आमचा."

काचेआड माझ्या डोळ्यांना धार लागली. लाज वाटली मला, खोटं कशाला सांगू. हिच्या आईपुढे उभं राहायचं तर स्वतःच्या तोंडानं राहावं. आणि हिनंही एकदा आजोबा बघावा. उंबऱ्यातच हेल्मेट काढलं.

खांबावरचा एक ओरडला. मग सगळे.

नात घाबरली नाही. रोजचं काम असल्यासारखी स्टुलावरून उतरली आणि दोन्ही हातांनी मला उंबऱ्याबाहेर ढकलायला लागली.

"काका, तुम्ही पण पळा. आजोबा येतायत."

"अगं, मीच तो..."

"आई म्हणते, कावळे ओरडले की दार लावायचं."

दार लागलं. टाळक्यात पहिली टोच बसली तरी मी हललो नाही. चुकलं माझं, असं त्या दाराला म्हणालो. त्या कालव्यात माझं मला ऐकू आलं नाही. कडीला तिचा हात पुरत नसावा. आतून स्टूल ओढल्याचा आवाज आला.