शेंदराखालचा वेताळ

चेणे गावच्या वेशीवरचा वेताळ अख्ख्या गावाचा, पण त्याला शेंदूर लावायचा मान दुर्गाबाईच्या घराचा. सासूच्या मागे तो तिच्याकडे आला. दर चैत्री पुनवेला ती तेलात कालवलेला शेंदूर थापायची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या थरांनी दगड इतका गुबगुबीत झाला होता, की नाक कुठे नि डोळे कुठे हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मग रस्ता रुंद करायची टूम निघाली आणि वेताळ नेमका मधे आला. पाठोपाठ आली समिधा, कॉलेजात पुरातत्त्व शिकवणारी. पोरगी गोड बोलायची.

"दुर्गाताई, हा वीरगळ आहे. लढाईत मेलेल्या वीराचा दगड. शेंदूर काढला की कोरीवकाम दिसेल. ते जुनं ठरलं तर रस्त्यालाच वळण घ्यावं लागेल. हा वारसा सगळ्यांचा आहे."

बुडत्याला काडीचा आधार. दुर्गा हो म्हणाली. देवस्थान समितीचा काशीनाथ आधी कुरकुरला, मग फोटोत यायला मिळतंय म्हणून गप्प बसला.

समिधाने शेंदराचं कवच अलगद सोडवलं. आत घोडा निघाला, तलवार निघाली, वर चंद्रसूर्य. ती हरखून फोटो काढत सुटली. दुर्गा मात्र देवाचं तोंड शोधत होती. तोंडच नव्हतं. कधीकाळी कुणीतरी घाव घातला होता, तिथे नुसता खड्डा.

"खंडित हाय," काशीनाथ म्हणाला. "खंडित देव पुजायचा न्हाय. विसर्जन करायला लागंल." खंडित म्हटल्यावर दुर्गाने त्यालाही हो म्हटलं.

समिधाने हातापाया पडून मुदत मागितली, सरकारात अर्ज केला. उत्तर यायच्या आतच गावाने वेताळाला वाजतगाजत घोडबंदरच्या खाडीत सोडलं. रस्तेवाल्यांचं आयतं फावलं. काशीनाथने संगमरवरी मूर्तीची ऑर्डरही देऊन टाकली. खंडिताला कसला शेंदूर, म्हणत दुर्गाला शेवटचं बोटही लावू दिलं नाही मेल्यांनी.

समिधा आली ती तणतणतच. "तुम्ही बुडवू कसा दिलात? तो काय एकट्या तुमच्या गावाचा होता? निदान जागा तरी दाखवा!"

दुर्गाला तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"पोरी, शेंदरात माझा देव धड व्हता. तू सोलला, यांनी बुडवला, नि दोघांना हो म्हनाले ती मी. सगल्यांचा व्हता म्हनतेस ना? मग घरातलं मानूस गेल्यावानी रडतेय ती मी एकलीच कशी?"