वरच्या मळ्याची वाईन

पावसाचा अंदाज आला आणि ताउराझी गावाच्या टेकडीवरच्या सगळ्यांनी चार दिवसांत द्राक्षं उतरवली. उरला तो फक्त एर्सिलियाचा वरचा मळा. वडिलांना, दोनातोंना, अर्धांगवायू झाल्यापासून बाग तिच्याकडे आली होती आणि तिची ही पहिलीच तोडणी.

भाऊ रोक्को टोपल्या घेऊन उभाच होता. एर्सिलियाने एक मणी तोंडात टाकला, बी चावून थुंकली.

"बी हिरवी आहे अजून. आत्ता तोडली तर वाईन घसा ओरबाडेल."

"ताई, सडली तर ओरबाडायलासुद्धा काही उरायचं नाही."

दोघांनी शेजारी खुर्चीत बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. झटक्यापासून त्यांची जीभ जड झाली होती. ते सावकाश म्हणाले, "बाग हिची. हिलाच ठरवू दे."

एर्सिलियाने रोक्कोला घेऊन घडांभोवतीची पानं खुडून काढली, वारा खेळावा म्हणून. तीन दिवस पाऊस कोसळला. मग डोंगरावरून कोरडा वारा सुटला आणि ओल सुकून जाड सालीची ती द्राक्षं न सडता तगली. नोव्हेंबर निम्मा सरला तेव्हा बी तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरीत फुटली. दुसऱ्या दिवशी तोडायचं ठरलं, तर सकाळी वेलींवर बर्फ.

रस्त्यावरून जाणाऱ्या जेरार्दोने विचारलं, वाईन करतेस की सरबत? शेजारचा हा बागायतदार टोमणा मारल्याशिवाय पुढे जात नसे. तिने टोपली उचलून तोडणी सुरू केली. बोटं बधिर होईपर्यंत सगळं घर राबलं. दोनातो बांधावर खुर्ची टाकून चांगल्या हाताने घड निवडत बसले.

वाईन आधी कडक, तुरट निघाली. व्यापारी दोनदा मागायला आले, तिने दोनदा परत पाठवले. चार वर्षं पिंपात मुरवली.

पाचव्या वसंतात गावच्या सभागृहात सगळ्यांच्या वाईन चाखायला मांडल्या, बाटल्या फडक्यात गुंडाळून. परीक्षकांत जेरार्दोही होता. एका पेल्यापाशी तो थबकला, पुन्हा घोट घेतला, आणि समाधानाने म्हणाला, "ही माझीच. पहिला नंबर हिचा."

फडकं सुटलं. चिठ्ठीवर एर्सिलियाचं नाव होतं.

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. जेरार्दोचे कान लाल झाले, पण माणूस दिलदार. त्याने स्वतः बाटली उंच धरून तिचं नाव मोठ्याने पुकारलं आणि पहिला पेला दोनातोंपुढे ठेवला.

दोनातोंनी तो एका दमात संपवला.

"माझ्या आयुष्यात अशी जमली नाही," ते म्हणाले. एकही शब्द न अडखळता.